विहिरीतलं निर्माल्य

सुनेनं माझ्या तोंडावर चापट मारली आणि नर्सला म्हणाली, "ही बाई कोण आहे? हिला बाहेर काढा."

वॉर्डातल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मी तिचा हात धरला आणि चादरीखाली ठेवला. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा हात, नखांपर्यंत पिवळा. डोळ्यांत पांढरं काही राहिलं नव्हतं. ती उठून बसायला गेली आणि माझ्या पदरावर ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं हिरवं कडू पाणी. सातवा महिना चालू होता. पोट तेवढं वर आलेलं, बाकी हातपाय तुराट्यांसारखे.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वाकून विचारलं, "ताई, तुमचं नाव काय?"

सुनेनं तिच्या गावातल्या शाळेचं नाव सांगितलं.

"आज वार कोणता?"

"दार लावा," सून म्हणाली, "शेळ्या आत येतील."

डॉक्टरीणबाई सरळ उभ्या राहिल्या आणि मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं. गोलगोल बोलल्या नाहीत, हे त्यांचं मला बरं वाटलं. "आजी, हिचं लिव्हर काम करत नाहीये. कावीळ डोक्यापर्यंत गेली आहे. खराब पाण्यातून ही कावीळ होते, आणि पोटुशी बाईला ती फार वाईट. आम्ही सगळं करतोय. पण आई आणि बाळ, दोघांचंही आत्ता काही सांगता येत नाही."

माझा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, शिफ्टवरून थेट आलेला. तो तिथंच फरशीवर बसला आणि रडायला लागला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची नणंद आमच्याजवळ आली. तिच्या तोंडाला मिश्रीचा वास होता आणि हातात चिवड्याची पुडी होती. "मावशी," ती म्हणाली, "आता देवावर सोडा. त्याच्या मनात असेल तसं होईल."

असं म्हणून ती तिथंच चिवडा खात उभी राहिली. पुढं काय होतं ते तिला बघायचं होतं. मला त्या बाईची किळस आली.

त्या दिवसांत मला देवावर सोडायला सांगणारी माणसं इतकी भेटली की आजही कुणी ते शब्द काढले तर माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. माझा देवीवर विश्वास आहे. तेव्हा होता, आज आहे. पण देवाचं नाव पुढं करून माणसं मागं जी घाण करतात, ती मी डोळ्यांनी बघितली आहे. ती घाण दोरानं ओढून विहिरीच्या काठावर टाकली तेव्हा मी तिथं उभी होते.

आम्ही लातूरकडचे. मुलगा चाकणच्या पट्ट्यात एका कंपनीत कंत्राटी कामगार. कंत्राटी मुलाला लवकर मुलगी मिळत नाही, त्यामुळं लग्न उशिरा झालं. सुनेला दिवस गेले तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. ती दोघं निघोज्याच्या अलीकडं एका खोलीत राहत होती. पूर्वी तिथं शेत होतं. आता खोल्यांची एक लांब ओळ, वर पत्रे, पुढं ओटा आणि मागं सगळ्यांचे मिळून संडास. मालक गावचा जुना माणूस. त्याची बरीच जमीन कंपनीला गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यानं खोल्या काढल्या. त्याच्या मोठ्या गाडीच्या मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' असं लिहिलेलं होतं. त्याच्या घरी पाण्याचं फिल्टर होतं.

ओळीच्या टोकाला, संडासांपासून हाकेच्या अंतरावर, त्याच्या आज्यानं बांधलेली दगडी विहीर होती. टँकर आला नाही की मालक मोटर सुरू करायचा आणि विहिरीचं पाणी वरच्या टाकीत चढवायचा. तेच खाली नळाला यायचं. टँकर पुष्कळदा यायचा नाही.

या खोल्यांत नांदेडची माणसं होती, जळगावची होती, कोकणातलं एक कुटुंब होतं. पाण्याच्या नंबरावरून, दोरीवरच्या कपड्यांवरून रोज भांडण. पण एका गोष्टीवर सगळ्या बायांचं एकमत होतं. देवाची वाळलेली फुलं, हार, विड्याची पानं, म्हणजे निर्माल्य, ते पायाखाली येऊ द्यायचं नाही आणि कचऱ्यात टाकायचं नाही. ते पाण्यात सोडायचं. ही रीत मला मान्य आहे. आमच्या गावी ओढा होता. इथं नदी लांब, आणि तिथं गेलं तरी पाण्यावर साबणासारखा फेस तरंगतो, त्यात देवाचं काही सोडायला जीव होत नाही. घंटागाडीत टाकावं तर ते कुणाच्या तरी घरच्या कोंबडीच्या पिसांत मिसळतं. मग या बाया निर्माल्य विहिरीत टाकायला लागल्या. तेही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर घट्ट गाठ मारून. पिशवी सोडून फुलं मोकळी करायची तेवढीही तसदी नाही.

मी आले त्या आठवड्यातच सून पिशवी घेऊन निघालेली मला दिसली.

"कुठं निघालीस?"

"निर्माल्य सोडायला, आत्या."

"कुठं सोडतेस?"

"विहिरीत. सगळेच टाकतात."

"आणि आपल्या नळाला पाणी कुठलं येतंय?"

ती हसली. "आत्या, देवाची फुलं आहेत. त्यानं काय होतंय."

मी पिशवी काढून घेतली आणि फुलं ओट्यावरच्या डब्यातल्या तुळशीच्या मुळाशी घातली. तिला ते आवडलं नाही. तिच्या मते तुळशीचं आळं लहान आणि देव मोठे होते. बाकीच्या खोल्यांतल्या पिशव्या काय मी धरणार होते? दुसऱ्या दिवशी एकीला सांगून बघितलं तर ती म्हणाली, "मावशी, तुम्ही पाहुण्या. पाहुण्यासारखं राहा."

गणपती झाले आणि पाण्याला वास यायला लागला. पहिल्यांदा हंड्याच्या तोंडाशी, मग भातालाही. मी हंडा ओतून टाकला. शेजारच्या खोलीत जळगावकडची बाई राहायची, नवरा वेल्डर. ती आपली शांतपणे हंडा भरत होती.

"मावशी, झेंडूचा वास आहे तो," ती म्हणाली. "गणपतीतले हार असतील."

"झेंडूचा असा वास येतो?"

"कुजलेल्या झेंडूचा येतो ना."

"बाई, मी शेतात झेंडू लावलाय. कुजला तरी त्याला झेंडूचा वास येतो. हा संडासाचा वास आहे."

"शी, मावशी. देवाच्या फुलांना काहीही बोलता तुम्ही."

नाक मुरडलं ते मला बघून. पाण्याला नाही मुरडलं.

सगळ्या ओळीत असंच चाललं होतं. पाणी नाकाजवळ नेलं की ज्यानं त्यानं ओळखायचं, फुलांचा वास. आणि फुलं आपणच टाकलेली, देवाची, त्यानं काही होत नाही, म्हणून पाणी प्यायचं. नुसतं गटार नासलं असतं तर याच माणसांनी मालकाच्या दारात जाऊन त्याची गाडी अडवली असती. वास देवाच्या नावावर पडला, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. मी मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "आजी, मीच सगळ्यांना सांगतो टाकू नका म्हनून, पन धर्माचं काम हाय, आमी अडवायचं कसं?"

मी पाणी उकळायला लागले. सून कुरकुरायची, सिलिंडर लवकर संपतो म्हणायची, पण घरात उकळलेलंच प्यायची. मला वाटलं, आपलं घर तरी वाचलं. मग नवरात्र आलं. खोल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत देवी बसवली. रोज संध्याकाळी आरती आणि आरतीनंतर तीर्थ. तीर्थ टाकीच्या पाण्याचं, वर तुळशीचं पान. सून रोज आरतीला जायची. मी गुडघ्यांमुळं खोलीतूनच हात जोडायची. ती तीर्थ घेते हे मला नंतर कळलं, दवाखान्यात नेताना. मी तिला विचारलं, बाहेर कुठं पाणी प्यायलीस का, तर ती म्हणाली, "तीर्थाला नाही कसं म्हणायचं, आत्या?"

तिनं उजव्या तळहाताचा खळगा करून घेतलं असणार, आणि ओला हात डोळ्यांना लावून पोटावरून फिरवला असणार. सगळ्या तसंच करतात. पोटातल्या लेकराला पण देवीचं तीर्थ.

नवरात्र होऊन महिना उलटत आला आणि माणसं पडायला लागली. पहिल्यांदा शेजारचा वेल्डर. आडदांड गडी, ओट्यावर आडवा पडून वाटीत थुंकत होता. मग नांदेडकडच्या घरातली दोन माणसं. आमच्या ओट्यासमोरून गटाराची उघडी नाली जाते, तिच्यात सकाळी पिवळं पाणी वाहायचं, माश्या घोंघावायच्या. त्याच नालीच्या कडेला बाया रांगोळी काढायच्या.

सुनेची भूक मेली. तिला फोडणीचा वास सहन होईना. मी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितलं आणि मुलाला सांगितलं, हिला दवाखान्यात ने. त्यानं मान डोलावली, गाडीवर बसवली, आणि नेलं कुठं, तर पलीकडच्या गावातल्या कावीळ उतरवणाऱ्या माणसाकडं. वेल्डरच्या बायकोनं पत्ता दिला होता. परत आले तेव्हा सुनेच्या डोक्यावर काड्यांची माळ होती. ती डोक्यावरून सरकत सरकत गळ्यात उतरते, मग आणखी खाली, आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते म्हणे. आणि तोवर डॉक्टरची गोळी घ्यायची नाही.

माझी आजी ही माळ बांधायची. काड्या ओल्या असताना दोऱ्यात बांधतात. वाळल्या की बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात आणि माळ लांबते. खांबाला बांधली तरी लांबते. आजीनं मला ते हसत हसत दाखवलं होतं.

मी ती माळ सुनेच्या डोक्यावरून काढली आणि नालीत टाकली.

"माय, अपशकुन करायलीस तू," मुलगा म्हणाला.

"तू कंपनीत मशीन बंद पडलं की माळ घालतोस का मेकॅनिकला बोलावतोस?"

"ते मशीन आहे."

"मग ही कोण आहे? ऊठ, रिक्षा बघ."

पहिल्या डॉक्टरनं सलाईन लावून घरी पाठवलं. घरी ती नुसती झोपून राहिली. मग एका सकाळी उठली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चूल शोधायला लागली. आमच्याकडं चूल नाही. त्याच दिवशी आम्ही तिला शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं, आणि तिथं तिनं मला मारलं, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

मुलगा फरशीवरून उठला तो नवस बोलत उठला. "माय, ही बरी झाली तर मी तुळजापूरला लोटांगण घालत जाईन."

"आधी रक्त द्यायला खाली जा," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. लोटांगण मग घाल."

तो गेला. मी खाटेजवळ बसले. मला भीती वाटत होती. मी भीत नाही असं मला लिहिता येईल, पण ते खोटं होईल. तिच्या उशीला ओकारीचा वास, तिच्या श्वासाला एक कुबट गोडसर वास, पिकून सडलेल्या पेरवासारखा. तो वास मला आजही कुठंही आला तर ओळखेन.

मी देवीला काही मागितलं नाही. नवस बोलले नाही. मागितलं असतं आणि तिनं दिलं नसतं, तर मला तिच्यावर रुसावं लागलं असतं, आणि तेव्हा मला ते झेपणारं नव्हतं. मला ती जवळ हवी होती. ती जवळ आहे एवढं धरून मी बसले.

हे मी शिकले त्याला पुष्कळ वर्षं झाली. आमच्याकडं भूकंप झाला तेव्हा हा मुलगा अंगावर पीत होता. पहाटे भिंत आली ती आमच्या अंगावरच. मातीत रचलेले मोठे दगड आणि वर माळवदाची माती. मी कमरेपर्यंत गाडले गेले, मुलगा छातीखाली. मी देवीचं नाव घ्यायला लागले. मोठ्यानं, थांबले नाही, घशातून रक्त येईपर्यंत घेतलं. उजाडल्यावर दीर उकरत आला. तो म्हणाला, "वैनी, नाव ऐकू येत होतं म्हणून इकडं खणलं." शेजारच्या घरातही नाव घेत होते. तिथं माणसं पोचली तोवर आवाज थांबला होता. ती माणसं आमच्यापेक्षा कमी भाविक नव्हती. देवीनं भिंत पाडली नाही आणि धरूनही ठेवली नाही. पण तिचं नाव होतं म्हणून माझा आवाज टिकला. नुसतं "वाचवा, वाचवा" करून माणूस लवकर थकतो.

म्हणून मी सुनेच्या कानाशी वाकले आणि नाव घ्यायला लागले. हळू नाही, चांगलं ऐकू जाईल असं. ती आत कुठं तरी दगडाखाली होती. तिला कळायला हवं होतं की वर कोणीतरी आहे. नर्स म्हणाली, "आजी, बाकीच्या पेशंटला त्रास होतो." मी आवाज थोडा कमी केला. थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मालक भेटायला आला. हातात प्रसादाचा पुडा. अत्तराचा भपकारा वॉर्डातल्या फिनेलमध्ये मिसळला. तो खाटेपासून लांबच उभा राहिला.

"आजी, एक बोलू का? आमच्या विहिरीवर साती आसरा हायेत. आमच्या आज्यापास्नं. पान्यातल्या देवी. गरवार बाईनं तिकडं फिरकायचं न्हाई. तुमची सून जात हुती, मी बघितलंय."

"म्हणजे हिची चूक?"

"चूक न्हाई वो. नेनती हाय. पन आसरांनी धरलं."

"आणि तुमच्या वेल्डरला? तो पण गरवार आहे का?"

पलीकडच्या खाटेवरची बाई फसकन हसली. मालकाचा चेहरा पडला. तो म्हणाला, विहीर उपसून घेणार आहे, आसरांची शांत, म्हणजे पूजा, घालणार आहे, देव सगळं नीट करील. पुडा त्यानं खाटेच्या पायाशी ठेवला. मी तो उघडला नाही. कुठल्या पाण्याचा शिरा, देवीलाच ठाऊक.

त्या रात्री बाळाचे ठोके लागेनात. सकाळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन सांगितलं. बाळ आतच गेलं होतं. ते बाहेर यायला हवं होतं, आणि आईच्या अंगात रक्त थांबवण्याची ताकद नव्हती. म्हणजे बाळ तर गेलंच होतं, आता आईपण जायची वेळ होती. कळा आणून बाळ बाहेर काढलं. मुलगी होती. मुलगा तिला गुंडाळून घेऊन गेला, एकटाच. मी सुनेजवळ राहिले. तिला काही कळत नव्हतं. रक्ताच्या पिशव्या चढत होत्या.

मुलगा परत आला तेव्हा वेल्डरची बायको त्याच्याबरोबर आली होती. ती माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, देवाला हवी होती ती. आणि मुलगीच होती ना. मन घट्ट करा."

मी हात काढून घेतला. तिचा नवरा तेव्हा हिंडायला फिरायला लागला होता. 

दुपारी मुलाला खाटेजवळ बसवून मी कपडे आणायला खोलीवर गेले. विहीर उपसून होत आली होती. काठावर ढीग पडला होता. पिशव्या, शेकड्यांनी, काळ्या पडलेल्या, फुगलेल्या. काही फुटल्या होत्या आणि त्यांतून हिरवट लगदा वाहत होता. नारळ, शेंड्यांना बुरशी आलेले. घटातली माती. देवीच्या साड्या, चिखलानं जड झालेल्या. काचा फुटलेल्या देवांच्या तसबिरी, रंग सुटून चेहरे पुसलेले. प्लास्टरच्या गणपतीचा एक हात, मोदकासकट. सगळ्याला असा वास की दोर ओढणाऱ्या माणसांनी तोंडाला फडकी बांधली होती, आणि त्यांतला एक बाजूला जाऊन ओकत होता. एक बाई त्या ढिगाकडं बघून हात जोडत होती.

दोर ओढणाऱ्यांतल्या एकानं मला बोलावलं. "आज्जी, हिकडं बघा." विहिरीच्या आतल्या दगडी बांधकामात, संडासाच्या बाजूला, काळा ओला पट्टा होता. सांध्यातून थेंब थेंब पाझरत होतं. ते फुलांचं नव्हतं. फुलं वर तरंगत होती आणि खाली हे येत होतं, किती महिने, कुणास ठाऊक. फुलांनी पाणी नासवलंच, पण त्यापेक्षा वाईट काम केलं. त्यांनी त्या पट्ट्याचा वास झाकला.

सगळे बघत होते. मला वाटलं, आता तरी कुणी मालकाला धरील. पण तेवढ्यात मालकाची बायको परडी घेऊन आली. हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू, फुलं, नारळ. आसरांची शांत. मालक म्हणाला, "सगळ्यांनी हात लावा आन् सोडा विहिरीत." आणि त्या बाया, ज्यांच्या घरची माणसं अजून पिवळी होती, रांगेनं पुढं आल्या. एकीच्या हातात घरून आणलेली निर्माल्याची पिशवी पण होती. आता आलेच आहे तर टाकून जाते, म्हणून.

मी जाऊन काठावर बसले. माझ्या साडीला अजून वॉर्डाचा वास होता. मी परडी मालकाच्या बायकोच्या हातातून घेतली.

"आजी, काय करताय?" ती म्हणाली.

"आसरा पाण्यात राहतात ना?"

"व्हय."

"मग त्यांनाही पाणी स्वच्छच लागत असेल. तुझ्या घरात कुणी कचरा टाकला तर तू त्याला आशीर्वाद देतेस का?"

मी नारळ उचलला आणि बाहेरच्या दगडावर आपटला. पाणी मातीत गेलं. खोबरं मोडून मी जवळच्या बाईच्या हातात दिलं. "खा," म्हटलं. "देवाचा नारळ खायचा असतो." तिनं मालकाकडं बघितलं, मग खाल्लं. मालक म्हणाला, "आजी, तुमच्या घरात आजच एवढं झालंय, आन् तुमी देवाला आडवं जाताय."

"देवाला नाही," मी म्हटलं. "तुला. आधी तो संडासाचा पाझर बंद कर. मग तुझी शांत मी स्वतः घालते."

पिशवीवाली बाई पिशवी मागं लपवत निघून गेली. तिनं ती दुसरीकडं कुठं तरी टाकली असणार. अशा एका नारळानं माणसं बदलत नाहीत. पाझर मालकानं बुजवला, तोही पाणी तपासायला सरकारी माणूस आल्यावर. आम्ही पुढं तळवड्याकडं खोली बदलली. तिथंही बाया निर्माल्य कुठं टाकायचं म्हणून विचारतात, आणि मी सांगते, कुंडीत पुरा. त्या माझ्याकडं बघतात तसं मी पूर्वी मिश्रीवाल्या बाईकडं बघितलं असेल.

मी कपडे घेऊन दवाखान्यात आले. सून तशीच. मी हात धुतले, कोपरापर्यंत, साबणानं, आणि पुन्हा तिच्या कानाशी वाकले. नाव घ्यायला लागले. दिवस गेला, दुसरा गेला. रक्त थांबलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं बरं दिसतंय, पण आशा धरू नका एवढ्यात. मी आशा धरली नव्हती. मी नाव धरलं होतं. माझा आवाज बसला होता, तो कावळ्यासारखा निघत होता.

एका दुपारी तिनं तोंड वाकडं केलं आणि मान माझ्यापासून लांब नेली.

"आत्या," ती म्हणाली, "हळू की. कान दुखायलेत माझे."

मी थांबले. तिनं मला आत्या म्हटलं होतं. मी मुलाला हाक मारली, पण घशातून आवाज निघाला नाही, तेव्हा खाटेची लोखंडी पट्टी वाजवली.

थोड्या वेळानं तिचा हात पोटावर गेला. पोट सपाट होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मुलानं मला खुणेनं नको सांगितलं, आत्ता नको. मला ते पटलं नाही. लपवलेल्या घाणीचं काय होतं ते आम्ही नुकतंच बघितलं होतं. मी तिचा हात धरला आणि सांगितलं. मुलगी होती. पोटातच गेली. तिला तिच्या बापानं मातीत ठेवलं आहे. देवीनं नेली असं मी म्हटलं नाही, आणि देवीनं तुला वाचवलं असंही नाही. मी एवढंच म्हटलं की देवी इथंच होती, आणि मी पण.

तिनं भिंतीकडं तोंड केलं. पुष्कळ वेळानं प्यायला पाणी मागितलं. मी घरून उकळून आणलेलं दिलं. तिनं आधी वास घेऊन बघितलं, मग प्यायली.

मुलगी राहिली नाही. सून जगली.